नवीन लिनक्स मिंट बसवल्यापासून ब्रॉडबँड ‘डायल’ होत नाही (सोलापूर, पूर्व भाग)

सूतहिशेब | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागील बाजूस, चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब लिहितो. माझे कार्यालय म्हणजे एका कारखान्याचीच पुढची खोली आहे. भिंतीपलीकडे माग चालू असतात. माझा संगणक २०१३ सालचा असून त्यावर विंडोज १० होते. त्या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ या यंत्राच्या प्रोसेसरला चालत नाही आणि नवा संगणक घेणे सध्या शक्य नाही, म्हणून मी जवळच्या एका दुकानात नेऊन त्यावर लिनक्स मिंट २२ बसवून घेतले.

प्रणाली उत्तम चालते, परंतु इंटरनेट काही केल्या सुरू होत नाही. पूर्वी पडद्यावर ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ असे एक चिन्ह होते. रोज सकाळी त्यावर टिचकी मारली, ‘कनेक्ट’ म्हटले, की ते ‘डायलिंग’ असे दाखवून जोडले जात असे. आता ते चिन्हच नाही. कोपऱ्यात ‘वायर्ड कनेक्शन’ असे नाव येते, पाऊण मिनिट गोल फिरते आणि तुटते, पुन्हा फिरते आणि तुटते. माझ्याकडे राउटर नाही. भिंतीवर फायबरचा डबा आहे आणि त्यातून निघालेली वायर थेट संगणकात येते. २० तारखेपर्यंत चार कारखान्यांचे जीएसटीआर-३बी (जीएसटीचे विवरणपत्र) भरायचे आहेत. सध्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवतो आहे, पण या खोलीत मोबाइलला रेंज फार कमी मिळते. कृपया मार्गदर्शन करावे.

जुळेसोलापूरकर | सोमवार, रात्री १०.१५

नव्या प्रणालीने नेटवर्क कार्ड ओळखले आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे लागेल. टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून ‘आयपी लिंक’ ही आज्ञा इंग्रजी लिपीत, दोन शब्दांमध्ये एक जागा सोडून द्या. उत्तरात ‘एलओ’ या नावाखेरीज ‘ईएनपी’ अशा अक्षरांनी सुरू होणारे एखादे नाव दिसले, तर कार्ड ओळखले गेले आहे असे समजावे. त्याच ओळीत ‘लोअर अप’ असे असेल, तर वायरच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जागे आहे. ‘नो कॅरिअर’ असे असेल, तर दोष वायरीत, खोबणीत किंवा डब्यात आहे.

फायबरच्या डब्यावरचे दिवेही सांगा. ‘पॉन’चा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’चा दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही आणि संगणकात शोधण्यासारखे काही उरत नाही.

नवीपेठ_संगणक | सोमवार, रात्री १०.५०

माझे मत वेगळे आहे. अशा वेळी मिंट काढून दुसरी प्रणाली टाकावी. अर्ध्या तासाचे काम आहे आणि बहुतेक वेळा त्याने प्रश्न सुटतो.

निवृत्त_एक्स्चेंज | मंगळवार, सकाळी ७.०५

नवीपेठकरांबद्दल आदर राखून सांगतो की, प्रणाली पुन्हा बसवण्याचा उपाय इथे करू नये. धागाकर्त्यांचे आताचे दुःखच मुळी त्या उपायातून आलेले आहे. त्यांचे ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ हे चिन्ह म्हणजे विंडोजमध्ये साठवलेली एक नोंद होती. तिच्यात जोडणीचा प्रकार, वापरकर्ता नाव आणि पासवर्ड होता. डिस्क पुसली गेली तेव्हा ती नोंदही गेली. नवी प्रणाली कोणतीही असो, तिला ही नोंद आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी दूरध्वनी केंद्रात नोकरी केली आहे, त्यामुळे ही गोष्ट थोडी मुळापासून सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे घरी येणारे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचा मोडेमच होता. मोडेम आधी डायल टोन ऐकायचा, मग नंबर फिरवायचा, पलीकडच्या मोडेमने कॅरिअर (उत्तराचा सूर) दिला की दोघांची ती कर्कश बोलणी व्हायची आणि त्यानंतर पीपीपी नावाचा शिष्टाचार सुरू व्हायचा. त्यातही क्रम ठरलेला असे: आधी जोडणीच्या अटी, मग नाव आणि पासवर्ड, आणि शेवटी आयपी पत्त्याचे वाटप. ग्राहक तक्रार घेऊन आला की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारत असू की, संभाषण नेमके कोणत्या पायरीवर थांबले? ‘डायल टोन नाही’ म्हणणाऱ्या ग्राहकाचा पासवर्ड तपासण्यात अर्थ नसतो.

धागाकर्ते, तुमच्याकडे जे आहे ते पीपीपीओई आहे, म्हणजे तोच पीपीपी टेलिफोनऐवजी नेटवर्कच्या वायरीवरून चालवलेला. १९९९ साली तो लिहिला गेला, तो याचसाठी की डायल-अपमधील नाव-पासवर्डाची आणि बिलाची सारी व्यवस्था ब्रॉडबँडवरही तशीच वापरता यावी. नंबर फिरवण्याऐवजी तुमचा संगणक वायरीवर ‘कोणी सेवा देणारे आहे का?’ अशी हाक मारतो. तिला पॅडी म्हणतात. कंपनीकडील सर्व्हर ‘मी आहे’ असे पॅडोने कळवतो. संगणक पॅडर पाठवून जोडणी मागतो, सर्व्हर पॅडस पाठवून सत्राचा क्रमांक देतो, आणि तिथून पुढे जुनाच क्रम चालतो: अटी, पासवर्ड, पत्ता.

मिंटला हे माहीत नसल्यामुळे तो साध्या वायरीवर डीएचसीपीने (आपोआप पत्ता मिळवण्याच्या पद्धतीने) पत्ता मागत बसतो. त्याला उत्तर देणारे तिथे कोणी नाही, म्हणून तो ४५ सेकंद वाट पाहून थांबतो आणि पुन्हा सुरुवात करतो. तुम्ही लिहिलेले ‘पाऊण मिनिट’ तंतोतंत तेच आहे.

आता कृती. मेनूमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन’ शोधा. अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून ‘डीएसएल/पीपीपीओई’ हा प्रकार निवडा. ‘पॅरेंट इंटरफेस’ या चौकटीत जुळेसोलापूरकरांनी सांगितलेले ‘ईएनपी’ने सुरू होणारे नाव निवडा, कारण ती चौकट रिकामी राहिल्यामुळे अनेकांचे काम अडते. ‘सर्व्हिस’ ही चौकट मात्र ऑपरेटरने काही सांगितले नसेल तर रिकामीच ठेवा. वापरकर्ता नाव बहुधा तुमच्या मासिक पावतीवर असेल. यानंतर जुन्या ‘वायर्ड कनेक्शन’मधील आपोआप जोडण्याची खूण काढून टाका, म्हणजे दोन नोंदी एकाच वायरीसाठी भांडणार नाहीत.

सूतहिशेब | मंगळवार, दुपारी १२.२०

काका, आपले आणि जुळेसोलापूरकरांचे मनापासून आभार. ‘पॉन’चा दिवा हिरवा होता आणि ‘लोअर अप’ही दिसत होते. पावतीपुस्तकात नाव सापडले. पासवर्ड आठवत नव्हता, म्हणून ऑपरेटरच्या कार्यालयात जाऊन नवा करून घेतला. आपण सांगितले तसे केले आणि आज सकाळी पहिल्याच प्रयत्नात जोडले गेले. एक तासभर सर्व कामे झाली.

परंतु दहाच्या सुमारास जोडणी तुटली आणि पुन्हा जोडायला गेलो, तर पासवर्ड पुन्हा विचारला गेला. अगदी काळजीपूर्वक, एकेक अक्षर पाहून भरला, तरी नाकारला. दहा-बारा वेळा प्रयत्न केल्यावर अचानक जोडले गेले. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. सकाळी दिलेला पासवर्ड कार्यालयातून कोणी बदलला असेल का?

बार्शी_शेतावरून | मंगळवार, दुपारी १.००

धाग्याचा विषय जवळचा असल्यामुळे माझा प्रश्नही इथेच विचारतो. शेतावरील घरी फायबर आलेले नाही. जुना यूएसबी डोंगल आणि सिमकार्ड आहे. नव्या उबंटूमध्ये (हाही लिनक्सचाच प्रकार) तो लावला की मोडेम म्हणून दिसतच नाही, एक सीडी लावल्यासारखा दिसतो. विंडोजमध्ये व्यवस्थित चालत होता. नंबर ‘तारांकित नव्व्याण्णव हॅश’ असा डायल करावा लागतो, एवढे आठवते.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, दुपारी २.३०

बार्शीकर, आपला डोंगल निरोगी आहे. या डोंगलांच्या पोटात विंडोजसाठीचे सॉफ्टवेअर साठवलेले असते, म्हणून ते प्रथम स्वतःला सीडी म्हणून सादर करतात आणि विशिष्ट आज्ञा मिळाली की मोडेमचे रूप घेतात. विंडोजमध्ये ती आज्ञा त्याच सॉफ्टवेअरमधून जात असे. लिनक्समध्ये हे काम ‘यूएसबी मोडस्विच’ करते. मोबाइलवरून तात्पुरते इंटरनेट घेऊन ते बसवा, डोंगल काढून पुन्हा लावा आणि अर्धा मिनिट थांबा. त्यानंतर नेटवर्कच्या यादीत ‘मोबाइल ब्रॉडबँड’ दिसेल. तिथे देश आणि कंपनी निवडल्यावर एपीएन (कंपनीच्या इंटरनेट-प्रवेशद्वाराचे नाव) विचारला जाईल. तो चुकला तर रेंज पूर्ण दिसूनही पान उघडणार नाही. नंबर आपल्याला स्वतः फिरवावा लागत नाही. सिमला पिन असेल, तर ते सिम आधी मोबाइलमध्ये घालून पिन काढून टाका, त्यामुळे एक अडथळा कमी होईल.

निवृत्त_एक्स्चेंज | मंगळवार, सायंकाळी ६.१०

सूतहिशेब, पासवर्डला हात लावू नका. सकाळी पहिल्या प्रयत्नात जो पासवर्ड चालला आणि नंतर बाराव्या प्रयत्नात जो चालला, तो पासवर्ड बरोबरच आहे. नकार पासवर्डच्या पायरीवर दिसतो आहे एवढेच. त्याचे कारण त्याच पायरीवर असेल असे नाही.

बहुतेक ऑपरेटर एका नावावर एका वेळी एकच सत्र चालू देतात. आपण रीतसर ‘डिसकनेक्ट’ केले, की संगणक सर्व्हरला निरोपाचा संदेश पाठवतो आणि सत्र तिकडेही बंद होते. पण वीज गेली किंवा वायरच सुटली, तर तो निरोप पोहोचत नाही. सर्व्हरच्या वहीत तुम्ही अजून आतच असता. तो मधूनमधून ‘आहात का?’ असे विचारतो आणि बऱ्याच हाकांना उत्तर आले नाही, की मगच तुमचे नाव खोडतो. तेवढ्या वेळात तुम्ही पुन्हा दार वाजवले, तर ‘या नावाचा मनुष्य आत आहे’ म्हणून नकार मिळतो आणि तो आपल्याला पासवर्ड चुकल्यासारखा दिसतो. विंडोजवर हीच गोष्ट ६९१ या क्रमांकाची त्रुटी म्हणून येते आणि तिथेही लोक पासवर्डच बदलत बसतात.

म्हणून खरा प्रश्न असा की, मुळात जोडणी तुटते कशाने? टर्मिनलमध्ये ‘जर्नलसीटीएल’ ही संगणकाच्या नोंदी दाखवणारी आज्ञा द्या आणि ज्या वेळी तुटले त्याच्या आसपासच्या ओळी वाचा. ‘टाइमआउट वेटिंग फॉर पॅडो’ असे असेल, तर तुमची हाक पलीकडे पोहोचत नाही किंवा पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नाही. ‘लिंक इज डाउन’ असे असेल, तर दोष तुमच्याच खोलीत आहे. वेळासकट इथे लिहा.

पूर्वभाग_ताई | मंगळवार, रात्री ८.४५

माझा अनुभव लहानसा आहे, पण दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल. मी शाळेचे गणवेश शिवण्याचे काम घेते. आमच्या संगणकावर विंडोज पुन्हा बसवल्यानंतर जोडणी व्हायची, पिंगला (पलीकडचे यंत्र उत्तर देते का, या चाचणीला) उत्तर यायचे, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘प्रमाणपत्र वैध नाही’ असे म्हणायचे. तीन दिवस मी ऑपरेटरला दूरध्वनी करत राहिले. अखेर माझ्या पुतण्याने कोपऱ्यातील तारीख दाखवली; ती कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला होता. तो बदलून तारीख नीट केली आणि सर्व संकेतस्थळे उघडली.

सूतहिशेब | बुधवार, दुपारी ३.३०

काका, नोंदी वाचल्या. काल आणि आज मिळून नऊ वेळा जोडणी तुटली आणि नऊही वेळा ‘लिंक इज डाउन’ अशी ओळ सर्वांत आधी आहे. त्यानंतर दोन-तीन सेकंदांत ‘लिंक इज अप’ आहे आणि मग पासवर्ड नाकारल्याच्या ओळी आहेत. ‘पॅडो’चा उल्लेख एकदाही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. नऊच्या नऊ वेळा दिवसाच्या आहेत, कारखाना चालू असतानाच्या. जेवणाच्या सुटीत माग थांबतात, त्या तासात एकदाही तुटलेले नाही. विजेच्या दाबामुळे असे होते का? स्टॅबिलायझर घ्यावा का?

निवृत्त_एक्स्चेंज | बुधवार, सायंकाळी ५.००

स्टॅबिलायझर घेण्याची घाई करू नका. विजेचा दाब एवढा हलला असता, तर फायबरचा डबाही बंद-चालू झाला असता आणि त्याला पुन्हा उभे राहायला दोन-तीन सेकंदांपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. इतक्या कमी वेळात जाऊन परत येते ती सैल वायर. माग चालू असताना भिंत आणि टेबल दोन्ही थरथरतात. संगणकाच्या मागे जाऊन जॅक हातात धरा आणि हलकेच ओढून पाहा. तो ‘टक्’ असा आवाज करून अडकलेला असायला हवा. बॅटरीच्या उजेडात खोबणीतही पाहा.

एक प्रश्न राहिला: विंडोज असताना असे होत नव्हते ना? मग मधल्या काळात या वायरीला कोणी हात लावला होता का?

सूतहिशेब | बुधवार, रात्री ९.१५

काका, आपण समोर उभे राहून पाहिल्यासारखे सांगितलेत. जॅकची प्लास्टिकची पट्टी मुळापासून तुटलेली आहे. जॅक खोबणीत नुसता टेकून बसला होता; बोटाने स्पर्श केला तरी मागचा हिरवा दिवा जातो आणि परत येतो. संगणक दुकानात नेण्यासाठी सोडवला, त्या दिवशी पट्टी न दाबता वायर ओढली गेली असणार.

खोबणीत बॅटरी मारली तेव्हा आणखी एक दृश्य दिसले. आतल्या आठ सोनेरी तारांवर सुताच्या पुडीचा पांढुरका थर बसला होता, वरच्या कोपऱ्यात तर बोंडातल्या कापसासारखा पुंजका होता. आमच्या खोलीत ही पूड सगळीकडे उडते, पंख्याच्या पात्यांवर रोज बसते, पण ती इथेही जात असेल असे कधी मनात आले नाही. संगणक बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने ती काढली. उद्या नवा जॅक बसवून घेतो.

कोपरा_दुकान | बुधवार, रात्री १०.००

सोलापुरात केबल ओढण्याचे काम करणारा म्हणून दोन शब्द. पूर्व भागातील खोल्यांमध्ये सुताची पूड आणि बाकी शहरात उन्हाळ्यातील धूळ, ही खोबण्यांची कायमची तक्रार आहे. जी खोबण वापरात नाही तिच्यात रबरी बूच घाला. जॅक बसवताना त्यावर रबरी टोपी चढवून घ्या, म्हणजे पट्टी तुटत नाही. वायर टेबलाच्या पायाला एका ठिकाणी पट्टीने बांधा आणि पुढे वीतभर ढिली सोडा, म्हणजे थरथर जॅकपर्यंत येत नाही.

गच्चीवरून तांब्याची वायर आणलेली असेल, तर वळवाचा पाऊस सुरू होण्याच्या आत ती काढून तिथे फायबर घ्या. वीज दूर कडाडली तरी अशा लांब वायरीत झटका येतो आणि संगणकाची खोबण कायमची जाते. मे-जूनमध्ये मी अशी कित्येक यंत्रे पाहतो.

होटगी_रोड | गुरुवार, सकाळी ८.२०

माझे प्रकरण थोडे निराळे आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज बंद करून लिनक्स सुरू केले, की कार्डाचा दिवाच लागत नाही. पुन्हा विंडोजमध्ये गेले की लागतो.

जुळेसोलापूरकर | गुरुवार, सकाळी ९.००

विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ हे अर्धवट झोपणे असते आणि काही कार्डे त्याच झोपेत राहतात. आज तात्पुरते काम करायचे असेल, तर यंत्र बंद करून विजेची पिन अर्धा मिनिट काढून ठेवा.

सूतहिशेब | शुक्रवार, रात्री ८.३०

नवा जॅक काल सकाळी बसला. काल आणि आज, दोन्ही दिवस माग पूर्ण वेळ चालू असताना जोडणी एकदाही तुटली नाही. पासवर्ड पुन्हा विचारला गेला नाही.

एक शेवटची अडचण आहे. माझ्या संगणकाचे इंटरनेट मी दुसऱ्या कार्डावरून बिले काढण्याच्या संगणकाला दिले आहे. माझ्या यंत्रावर सर्व संकेतस्थळे उघडतात, पण त्या दुसऱ्यावर काही उघडतात आणि काही अर्धवट येऊन थांबतात.

निवृत्त_एक्स्चेंज | शुक्रवार, रात्री ९.२०

वाचून फार समाधान वाटले.

दुसऱ्या संगणकाचे कारण मापाचे आहे. नेटवर्कच्या वायरीवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओईची चिठ्ठी त्यातले आठ बाइट घेते, म्हणून तुमच्यासाठी १४९२ उरतात. डायल करणाऱ्या तुमच्या संगणकाला हे माहीत आहे. त्याच्या मागे बसलेल्या संगणकाला माहीत नाही, म्हणून तो पलीकडच्या संकेतस्थळाला १५०० ची पाकिटे पाठवायला सांगतो. ती ऑपरेटरच्या दारात अडतात. ‘लहान पाकीट पाठवा’ असा निरोप तिथून परत जातो, पण काही संकेतस्थळांची सुरक्षा तो निरोप आत येऊ देत नाही. मग ते मोठेच पाकीट पाठवत राहते आणि तुमचे पान अर्धवट थांबते. बिले काढण्याच्या संगणकाच्या वायर्ड जोडणीत ‘एमटीयू’ (पाकिटाचे कमाल माप) नावाची चौकट आहे. तीत १४९२ लिहा आणि जोडणी एकदा तोडून पुन्हा जोडा.

सूतहिशेब | शुक्रवार, रात्री ९.५०

१४९२ लिहिले. अडलेली तिन्ही संकेतस्थळे उघडली. चारपैकी दोन कारखान्यांची विवरणपत्रे आत्ताच भरून झाली, उरलेली दोन उद्या सकाळी भरतो. वापरकर्ता नाव, पासवर्ड, कार्डाचे नाव आणि १४९२ हा आकडा एका कागदावर लिहून तो पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे.